पाट, पूल आणि आम्ही दोघी

खरं सांगायचं तर आम्ही बाग बघायला म्हणून निघालोच नव्हतो. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दीड महिना होऊन गेला होता आणि डॉक्टरांनी "आता रोज सकाळी थोडं चालवा त्यांना" असं बजावून सांगितलं होतं. आमच्या बिल्डिंगखालच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे काय, हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. एका डोळ्याने रिक्षा बघायची आणि दुसऱ्याने खड्डा. सासूबाईंचा तर एक डोळा नुकताच उघडलेला!

शेवटी हे म्हणाले, "सिंहगड रोडवर ती जपानी बाग आहे ना, तिथे ने आईला. बसून बसून तिचे पाय धरलेत."

"ने" म्हणजे मी न्यायचं, हे ओघानंच आलं. माझी शाळा अर्धवेळ, दुपारची. सकाळचा डबा भरून झाला की घड्याळात एक तास मोकळा सापडतो, तो अशा कामांसाठीच असतो असा घरात समज आहे.

लग्न होऊन मी पुण्यात आले त्याला चौदा वर्षं झाली. त्या बागेवरून शेकडो वेळा बसने गेले असेन. आत गेले होते ती एकदाच, शाळेच्या सहलीबरोबर. त्या दिवशी मी बाग पाहिलीच नाही, फक्त चाळीस डोकी मोजत होते.

पण या वेळी पाय निघत नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. त्या दिवसांत आमच्या दोघींमध्ये धड बोलणं नव्हतं. भांडण झालं होतं असं मुळीच नाही. भांडण असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. "आई, गोळी घेतलीत?" "घेतली." "पोळी वाढू?" "पुरे." एवढ्यावर दिवस चालला होता.

सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कोकणातलं घर आणि त्यामागची वाडी तेव्हापासून बंदच आहे. माड, पोफळी, दोन फणस, एक विहीर. राखण करणाऱ्या गड्याचं वय झालं. दर पावसाळ्यात कौलं सरकतात आणि दर वर्षी दुरुस्तीचे पैसे पाठवायचे. इकडे आमची मुलगी दहा वर्षांची झाली, दोन खोल्यांत चार माणसं. गावातल्याच एका ओळखीच्यांनी वाडीला मागणी घातली, तेव्हा यांनी, वन्संनी आणि मी बसून हिशेब केला आणि विकायचं ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त घाई मलाच होती. तिसऱ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, इथवर माझी मजल गेली होती.

सासूबाईंना आम्ही सांगितलं. विचारलं नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि तेव्हापासून गप्प झाल्या. साठेखतावर त्यांची सही लागणार होती आणि तारीख महिन्यावर आली होती.

अशा मनःस्थितीत आम्ही दोघी एका गार सकाळी रिक्षातून उतरलो.

ओकायामाची बाग पर्वतीच्या पायथ्याशी

या बागेचं नाव आता पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याची मैत्री, म्हणून तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. ओकायामात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांपूर्वीची प्रसिद्ध बाग आहे, तिच्या धर्तीवर साधारण दहा एकरांत ही बाग केली आणि 2006 साली ती लोकांसाठी खुली झाली. पु. लं.चं नाव मला तरी अगदी योग्य वाटतं. 'पूर्वरंग'मध्ये त्यांनी आपल्याला पूर्वेकडच्या देशांबरोबर जपानही फिरवून आणला होता.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की इथे आपली ओळखीची बाग नाही. कारंजं मधोमध आणि चारी बाजूंना सारखे वाफे, गुलाबांच्या रांगा, पाट्या, असं काही नाही. हिरव्या गवताचे उतार एकातून एक निघालेले, जणू कुणी हिरवं पांघरूण घेऊन कुशीवर झोपलंय. मध्ये तळं. तळ्यात केशरी-पांढरे मासे. गोल कातरलेली झुडपं, आणि दगड. दगडसुद्धा असे, की ते मुद्दाम ठेवलेत हे लगेच लक्षात येत नाही.

"झाडं फार नाहीत," सासूबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत प्रश्नाशिवाय आलेलं हे पहिलं वाक्य. मी घाईने "हो ना" म्हणून टाकलं.

पुढे मी या बागांबद्दल थोडं वाचलं, तेव्हा कळलं, की मोकळी जागा हा जपानी बागेतला जिन्नसच आहे. आपण स्वयंपाकघरातली फळी भरतो तशी ते बाग भरत नाहीत. रिकामं ठेवायचं ते ठरवून, विचार करून ठेवायचं. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरात तर पांढऱ्या खडीवर पंधरा दगड ठेवलेली एक बाग आहे, बाकी झाड म्हणून काही नाही, दगडांभोवती थोडं शेवाळ एवढंच. आणि कुठेही बसा, पंधरातला एक तरी दगड आड राहतोच. सगळं एकदम दिसू नये, हीच त्यातली गोम.

दुसरी एक गंमत आहे. बागेच्या बाहेरची टेकडी, देऊळ, किल्ला असं जे दूर दिसतं, ते बागेच्या चित्रातच बसवून घ्यायचं. जपानीत याला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. कोराकुएनने नदीपलीकडचा ओकायामाचा काळा किल्ला असा उसना घेतला आहे. आपल्या पुण्याच्या बागेने घेतली आहे पर्वती! तळ्याच्या काठी उभं राहिलं की हिरवळीच्या वर पर्वतीची टेकडी अशी येते, की ती याच माळ्याने लावली असावी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ही उसनवारी. फरक एवढाच, की परत करायची नाही.

"हा पाट कुठून येतो गं?"

तळ्यावरच्या पुलापाशी मी थांबले, कारण सहसा सगळे तिथेच थांबतात आणि फोटो काढतात. सासूबाई मात्र पुलाकडे न बघता खाली बघत होत्या. तळ्याला येऊन मिळणारा एक ओहोळ होता. दगडांमधून वळत, कुठे रुंद, कुठे हातभर, कुठे उगीच थबकून. पाण्याचा आवाज येत होता, पण अगदी हळू. रस्त्यावरचे हॉर्न त्याच्या मागे गेल्यासारखे वाटत होते.

"हा पाट कुठून येतो गं?" त्या म्हणाल्या.

"कालव्याचं पाणी घेतात म्हणे. गाळून आत सोडतात."

"चल, बघू."

ज्या बाईला दहा पावलं चालवायला मी आणलं होतं, ती पाटाच्या कडेने उलटी वर चालायला लागली. मी मागून. प्रत्येक वळणाला त्या थांबत आणि वाकून बघत. "इथे दगड आडवा टाकलाय, बघ. पाणी पलीकडे ढकलायला." "इथे उतार कमी केलाय, म्हणजे माती वाहून जात नाही." मी बी.ए. झाले, मुलांना भूगोलाचा तास घेते, पण मला हे काहीही दिसलं नव्हतं.

मग त्या सांगायला लागल्या. लग्न होऊन त्या वाडीत आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. विहिरीवर रहाट होता आणि पहाटे त्याच्या कुरकुरीनेच जाग यायची. दोणीत पडलेलं पाणी पाटाने वाडीभर फिरायचं आणि जिथे पाट पोचत नसे तिथे चिरलेल्या पोफळीच्या पन्हळीतून जायचं. एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी वळवायचं काम सासूने नव्या सुनेला दिलं होतं. "मला तेवढंच आवडायचं," त्या म्हणाल्या. "घरात सगळ्यांचं ऐकायचं. पण पाणी माझं ऐकायचं. मातीचा एक गोळा इकडून काढून तिकडे लावला, की चाललं निमूटपणे."

चौदा वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. तेवढ्यात खणखणीत शिट्टी वाजली!

शिट्टी आणि बगळा

या बागेत गवतावर पाय ठेवायचा नाही हा नियम आहे आणि तो पाळला जातो, हे विशेष. पाय पडला रे पडला की रखवालदाराची शिट्टी येते. आम्ही दचकलो. शिट्टी आमच्यासाठी नव्हती, चेंडूमागे धावलेल्या एका मुलासाठी होती. तो मुलगा, त्याचे बाबा, आणि उगीचच आम्ही दोघी, असे चौघंही मागे सरकलो. हिरवळीच्या मधोमध एक पांढरा बगळा उभा होता. तो काही हलला नाही.

"त्याला बरं कुणी काही म्हणत नाही," मी म्हटलं.

"त्याला कुणी सांगितलंच नाही, की ही जागा त्याची नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

बोलल्या त्या बगळ्याबद्दल, पण मला ते वाक्य आत कुठेतरी लागलं. आम्ही बाकावर बसलो. बराच वेळ कुणीच बोललं नाही. ते गप्प बसणं मात्र घरातल्यासारखं नव्हतं.

कॉलेजात असताना मी कविता करायचे. वार्षिक अंकात दोनदा छापूनही आल्या होत्या. नंतरच्या चौदा वर्षांत माझ्या हातून लिहिलं गेलं ते किराणा, दूधवाल्याचा हिशेब आणि प्रगतिपुस्तकावरचे शेरे. आमच्या मराठीच्या मॅडमनी एकदा जपानी हायकूवर तास घेतला होता, तो त्या बाकावर आठवला. तीन ओळी, मुळात सतरा अक्षरांची बेतशुद्ध बांधणी, आणि त्यात ऋतूची एखादी खूण. सतराव्या शतकात बाशोने हा प्रकार मोठा केला आणि आपल्याकडे शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. मॅडम म्हणाल्या होत्या, "हायकूत स्वतःचं दुःख सांगायचं नाही. समोर काय आहे ते सांगायचं. दुःख आपोआप येतं." तेव्हा ते वहीत उतरवून घेतलं होतं. कळलं त्या सकाळी.

पिशवीत औषधांची चिठ्ठी होती. तिच्या मागे मी लिहिलं:

शिट्टी वाजली
हिरवळीतला बगळा
तिथंच उभा

अक्षरं मोजत बसले नाही. चांगलं की वाईट तेही ठाऊक नाही. पण चौदा वर्षांनी काही लिहिलं होतं आणि ती यादी नव्हती.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या. "एवढंच? आमच्या जात्यावरच्या ओव्या याहून लांब असायच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण आहे खरं."

मी धीर केला आणि विचारलं, "आई, वाडी विकायची, तर तुम्हाला काय वाटतं?"

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. उत्तर आलं नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापण येऊ."

पुरात गेलेली बाग

त्या रात्री मुलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी कोराकुएनबद्दल वाचत बसले. ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी 1687 मध्ये ती बाग करायला घेतली आणि 1700 मध्ये ती पुरी झाली. कानाझावाचं केन्रोकुएन, मितोचं काइराकुएन आणि हे कोराकुएन, ही जपानमधली तीन नामांकित उद्यानं मानतात. कोराकुएन हे नाव 1871 मधलं. एका जुन्या चिनी वचनावरून घेतलेलं. अर्थ असा, की राज्य करणाऱ्याने चिंता प्रजेच्या आधी करावी आणि सुख प्रजेच्या नंतर भोगावं. म्हणून ही 'नंतरच्या सुखाची' बाग.

मला हसू आलं. सगळ्यांचं झाल्यावर आपलं, ही तर आपल्या घराघरातली रीत! त्यासाठी सरदार व्हावं लागत नाही. फरक एवढाच, की त्या सरदाराला 'नंतर' बाग तरी मिळाली. आपलं 'नंतर' आवराआवरीत जातं.

दुसऱ्या सकाळी पाटाकाठी चालताना हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या बागेत भाताची खाचरं आहेत, चहाचा मळा आहे, हे ऐकून त्यांना बागेबद्दल एकदम आदर वाटला. "भात आहे ना? मग शहाणी माणसं आहेत." तिथे र्‍यूतेन नावाचा एक मंडप आहे आणि ओहोळ थेट त्याच्या तळमजल्याच्या मधून वाहतो, हेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आपल्याही पाठच्या पडवीला लागूनच जातो की पाट. उन्हाळ्यात मी तांदूळ निवडायला तिथेच बसायची, पाण्यात पाय सोडून."

मग मी पुढचं सांगितलं. 1934 च्या पुरात त्या बागेची मोठी हानी झाली आणि 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात ती होरपळली. पण पूर्वीच्या काळी काढून ठेवलेली बागेची चित्रं आणि नकाशे शाबूत होते. कुठे तळं, कुठे पूल, ओहोळाचं वळण कुठे, सगळं त्यात होतं. त्यावरून बाग पुन्हा उभी केली. आज लोक बघतात ती हीच.

सासूबाई पुलापर्यंत काही बोलल्या नाहीत. पुलाच्या मध्यावर थांबून कठड्याला धरून म्हणाल्या, "आपल्या वाडीचं चित्र कुणी काढलंय का गं?"

कुणीच काढलं नव्हतं. घराचे फोटो होते, लग्नामुंजीतले. त्यात माणसं होती, वाडी माणसांच्या मागे.

वहीतली वाडी

त्या संध्याकाळी मुलीची चित्रकलेची वही घेऊन आम्ही तिघी जमिनीवर बसलो. आधी विहीर काढली, मग रहाट, मग दोण. "पाट सरळ नको काढू, तो फणसापाशी वळतो," सासूबाई सांगायच्या आणि नात खोडरबराने खोडायची. कोणता माड कुणी लावला, कापा फणस कोणता आणि बरका कोणता, रातांब्याचं झाड वादळात कधी पडलं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. यांच्या जन्माच्या वर्षी लावलेला माड पाटाच्या दुसऱ्या वळणावर आहे, हे यांनाच ठाऊक नव्हतं! ऑफिसातून आल्यावर हे कपडेही न बदलता आमच्यात येऊन बसले.

चार संध्याकाळी चित्र चाललं होतं. पाचव्या दिवशी सकाळी, पाटाच्या कडेला, मी न विचारता सासूबाईंनी उत्तर दिलं.

"विका तुम्ही. मला आता तिथे एकटीला राहवणार नाही, हे मलाही कळतं. पोरीला खोली हवी. पण पाट बुजवायचा नाही, असं कागदावर लिहून घ्या."

हे म्हणाले, "आई, असं कुणी साठेखतात लिहितं का?"

"मग मी सही करत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पोळीचा घास घेतला.

मैत्रिणींनो, वाक्य लिहिलं गेलं. घेणारे म्हणाले, "काकू, पुढच्या वाडीला पाणी त्याच पाटाने जातं, आम्ही तो बुजवणार होतोच कुठे?" म्हणजे नुसतं विचारलं असतं, तर सगळ्यांचं एकच उत्तर होतं. दोन महिने आम्ही सगळे उगीच दाराआड बसलो होतो. आणि मी तर शाळेत मुलांना रोज सांगते, की शंका असेल तर विचारावं!

आम्ही अजूनही बागेत जातो. तुम्हीही घरातल्या थोरल्यांना घेऊन जा. सकाळी लवकर जा, दुपारी बाग बंद असते. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. दोन वेढे मारायची घाई करू नका, एका बाकावर बसा. त्यांना काही शिकवू नका, त्या काय बघतात ते बघा. आणि ज्यांना जाणं जमत नसेल त्यांनी गॅलरीतल्या आठ कुंड्यांपैकी पाच हलवून बघाव्यात. एक पसरट कुंडी, एक दगड, पाण्याचं एक भांडं, बाकी मोकळं. मी केलंय. पहिल्या दिवशी उघडं-उघडं वाटतं, पण आठवड्याने तिथे चिमण्या यायला लागल्या.

परवा पुलावर उभ्या असताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, विहिरीच्या पलीकडे अनंताचं झाड होतं. वहीत राहिलंच की ते!"

वही हल्ली पिशवीत असतेच. तिथेच कठड्यावर टेकवून मी ते काढलं.